मावशीला शंभरपैकी शंभर

"शंभरपैकी शंभर! छापील आहे, बघा. नियम सगळे पाठ, तरी हात घातलात पात्यात. मग चूक कुणाची, मशीनची?"

आमचे मॅनेजर ह्वांगबो साहेब कोर्सचं प्रमाणपत्र ओक-बुन मावशीच्या नाकासमोर नाचवत होते. मावशी मान खाली घालून उभी. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं आता नाहीत. दोन महिने दवाखान्यात काढून ती कालच कामावर आली, आणि आज टेबलावर तिच्यासाठी कोरा कागद अन् पेन. त्यावर तिनं चूक-पत्र लिहायचं, स्वतःच्या अक्षरात: माझ्या निष्काळजीपणामुळे झालं. आमच्या बुसानच्या फिशकेकच्या, म्हणजे माशाच्या तळलेल्या वड्यांच्या, कारखान्यात चूक-पत्र लिहिणारा पुढच्या महिन्यात राजीनामा लिहितो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"ते शंभर तिचे नाहीत," मी म्हणालो. "माझे आहेत."

"इन-ह्योक, बाहेर हो."

"नाही होत."

"शाळेतसुद्धा असाच उर्मट होतास म्हणून हाकललं ना?"

"हाकललं नाही. मी सोडली."

रागानं माझे कान तापले होते. पण खोटं कशाला बोलू, यात माझाही हात आहे. दर पानगळीत मुख्य कंपनीकडून कोर्स येतो, नीतिमत्तेचा आणि नियमांचा. संगणकावर बसून सगळा बघायचा. पुढे पळवता येत नाही, आणि दर दहा मिनिटांनी खिडकी उघडते: आपण आहात ना? दाबलं नाही की पुन्हा पहिल्यापासून. तळणीवरच्या माणसाला एवढा वेळ कुठला? म्हणून ह्वांगबो साहेबांनी मला खोकी उचलायच्या कामावरून काढून स्टोअरच्या संगणकापुढे बसवलं. "शाळा सोडलीस ना? बस आता अभ्यासाला," म्हणून हसले होते. सगळ्यांचे पासवर्ड म्हणजे जन्मतारखा. बत्तीस माणसं, बत्तीस वेळा कोर्स. शीतगृहात गारठण्यापेक्षा बरं, म्हणून मीही खुशीत होतो. मावशीनं तर मला भाजलेलं रताळं आणून दिलं होतं. "माझंही करतोस ना रे? मला मेलीला ते बटण कळत नाही."

चौथ्या धड्यात एक प्रश्न होता. वरिष्ठांनी दुसऱ्याच्या नावानं खोटी नोंद करायला सांगितली तर तुम्ही काय कराल? तिसरं उत्तर बरोबर: मुख्य कार्यालयाच्या नीतिमत्ता कक्षाला फोन करेन. मी बत्तीस वेळा तिसरं दाबलं, दुसऱ्याच्या नावानं. पहिल्यांदा खूप हसलो. नंतर हसूही येईना.

सहाव्या धड्यात पात्याचं होतं. झाकण बंद असल्याशिवाय मशीन चालवायचं नाही. ते झाकण सोल्लालच्या, म्हणजे नववर्षाच्या सणाच्या, ऑर्डरी आल्या तेव्हा साहेबांनीच काढायला लावलं, माल भराभर सुटावा म्हणून. अजून जिन्याखाली पडलंय. मावशीलाही तळणीवरून त्या पात्यावर लावलं, आणि आठवडाभरात तिची बोटं गेली.

"पोरा, गप बस," मावशी पुटपुटली. "तुझीही नोकरी जाईल."

"जाऊ दे."

दारात छांग-र्योल दादा उभा. तळणीवरचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. तो माझ्यावरच उखडला. "बत्तीस जणांना गोत्यात आणशील, गाढवा! आणि शंभर कशाला घ्यायचे रे? साठला पास होतं. बाईला साठ दिले असतेस तर 'थोडं विसरली' असं म्हणता आलं असतं!"

"शाळेत कधी चाळिसाच्या वर गेलो नाही, दादा. इथं मिळत होते, घेतले."

मावशीला अशा वेळीही हसू फुटलं.

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "पुरावा काय? कागद म्हणतो, कोर्स तिनं केला."

मी जॅकेटच्या आतून तेलाची वही काढली. तळणीवरच्या माणसानं दर अर्ध्या तासानं तेलाचं तापमान लिहून सही करायची, हा आमच्याकडचा नियम, आणि मावशीनं तो एक दिवसही चुकवला नाही.

"प्रमाणपत्रावर वेळ वाचा, साहेब. मंगळवार, सव्वादहा ते पावणेबारा. आता त्याच दिवसाची वही बघा. साडेदहा, सही. अकरा, सही. साडेअकरा, सही. एक बाई दोन ठिकाणी कशी बसेल?"

साहेबांनी वहीकडे हात केला. मी मागे घेतली.

"ही मी वर नेणार."

"वर?" त्यांचा आवाज एकदम बसला. मुख्य कार्यालयाची बाई सकाळपासून वरच्या खोलीत आहे, का आली ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "फोन कुणी केला?"

"मी. नंबर चौथ्या धड्यात दिलाय, मला तोंडपाठ आहे. तुम्ही नसेल बघितला. बरोबरच आहे, तुमचाही कोर्स मीच केला."

छांग-र्योल दादा खोकल्यासारखं करून बाहेर गेला. साहेब खुर्चीत बसले.

मावशीनं पेनाला टोपण लावलं, एका हातानं आणि दातानं. "मी हे लिहिणार नाही, साहेब," ती म्हणाली. कागद तिनं माझ्याकडे दिला. "तुला लिहायचं असेल तर लिही काहीतरी."

म्हणून जिन्यावर बसून लिहितोय, त्याच कागदावर. छांग-र्योल दादा मघाशी येऊन शेजारी बसला. म्हणाला, "विचारलं तर माझा पासवर्डही सांग. आठ मार्च." मावशीनं संत्रं आणलंय, ते माझ्याकडूनच सोलून घेतलं. माझी नोकरी राहील असं वाटत नाही. पण त्या बाईसमोर मी पहिल्या धड्यापासून शेवटच्यापर्यंत सगळं सांगू शकतो, न अडखळता, आणि झाकण जिन्याखाली कुठं पडलंय तेही दाखवू शकतो.

वरून माझं नाव पुकारलं. मावशी आधीच उठली, वही काखेत मारून. चला, मला जायचंय.