उलट्या अक्षरांची पहिली

या, अलीकडे सरकून बसा. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी अगदी पुढे यावं, संकोच करू नये. आज एका बाईंची गोष्ट ऐकवायची आहे. तिच्यात राजा नाही, राणी नाही. राक्षस म्हणाल तर आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याच्या धाकानेच शाळांना कुलुपं लागली.

बाई पहिलीच्या वर्गाला शिकवत. त्यांची रीत एकच. मुलाच्या मागे उभं राहायचं, त्याची मूठ आपल्या मुठीत घ्यायची आणि पाटीवर अक्षर काढायचं. अक्षर आधी मनगटात उतरतं, मग डोक्यात जातं, असं त्या म्हणत. शाळा बंद झाली आणि ती मनगटं घरोघरी अडकली. मग बाई फोनसमोर पाटी धरून शिकवू लागल्या.

इकडे शाळा उघडायचं काही केल्या ठरेना. आज हुकूम यायचा उघडा, उद्या यायचा थांबा. शेवटी वरून निरोप आला, ज्याने त्याने आपापलं बघून ठरवावं. मोठ्या सरांनी बाईंना फोन लावला.

"बाई, सोमवारी उघडू म्हणतो. पण पहिलीला तुमच्याशिवाय कोण आहे? तुम्ही नाही म्हणालात तर पहिली बंद ठेवतो. माझा राग नाही."

"सर, तुम्हीच सांगा ना काय करू ते."

"मी सांगितलं असतं हो. पण मला कोण सांगतंय?"

बाईंचा नवरा दूर परगावी नोकरीला, त्यामुळे घरात त्या आणि सासूबाई दोघीच. साथीच्या पहिल्या झपाट्यात सासूबाई मरणाच्या दारातून परत आल्या होत्या. पलंगावरून न्हाणीपर्यंत जायचं तरी भिंतीला हात लावून, मध्येच दम खात. पुन्हा गाठलं तर आमच्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि वर्गभर मुलांच्या मुठी धरून बाई रोज याच घरात येणार. सरांना 'नाही' म्हणून सांगायचं, हे त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवलंच.

त्याच संध्याकाळी फाटकाशी शिंपी उभा राहिला. त्याची मुलगी बाईंच्या वर्गात.

"बाई, एक विचारू? हसणार नसाल तर."

"विचारा की."

त्याने पाटी वर धरली. सगळी अक्षरं आरशात पाहावीत तशी उलटी. 'ग'ची काठी डावीकडे, 'प'चीही डावीकडे.

"पोरीजवळ आमची आई बसते, तिला अक्षरओळख नाही. मी दिवसभर दुकानात मास्क शिवतोय. आज पाटी बघितली आणि रागावलो, तर म्हणते बाईंनीच असं दाखवलं. शेजारच्या पोराचंही असंच! त्याच्या बापाला विचारलं, तर म्हणाला, बाईंनी शिकवलंय ना, मग काहीतरी नवीन निघालं असेल."

बाईंनी पाटी हातात घेतली आणि घोटाळा त्यांच्या ध्यानात आला. शिकवताना त्यांना स्वतःच्या फोनवर आपलं अक्षर उलटं दिसे. मुलांनाही तसंच दिसत असणार, असं धरून त्यांनी रात्रंदिवस घोटून घोटून उलटं लिहायला शिकून घेतलं होतं. मुलांना मात्र पहिल्यापासून पाटी होती तशीच दिसत होती. बाईंचे कष्ट पोरांनी जसेच्या तसे उतरवून घेतले.

"आम्हीही कापड उलटं करूनच शिवतो बाई," शिंपी म्हणाला. "पण गिऱ्हाइकाला सुलटं करून देतो."

"मीही देईन," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

सासूबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं.

"मग? सोमवारी जाणार ना?"

"आई, तुम्हाला काही झालं तर?"

"आणि मला पुढे करून तू घरी बसलीस तर? पोरं जन्मभर उलटी लिहिणार आणि बोल मला. म्हातारीने शाळा अडवली म्हणून."

"फोनवर परत शिकवेन. आता सुलटं दाखवेन."

"दाखव की. आजवर दाखवतच होतीस!"

चुकीचं वळण पडलेली मूठ नुसतं दाखवून वळत नाही, हे बाईंइतकं कोणाला ठाऊक होतं?

"तुझ्या नणंदेला फोन लाव. मी तिच्याकडे राहते."

"दोन दिवसांत तुम्हा मायलेकींचं भांडण होतं."

"होऊ दे. भांडायला दम लागतो. तेवढाच छातीला व्यायाम."

बाईंना हे पटलं नाही. आजारी माणसाला त्याच्या अंथरुणावरून उठवायचं आणि आपण शाळेत जायचं? पण रविवारी नणंद रिक्षा घेऊन आली तेव्हा सासूबाई तयार होऊन बसल्या होत्या. उंबऱ्यापाशी बराच वेळ दम घेतला, मग एकदाच्या बाहेर पडल्या.

सोमवारी निम्मीच मुलं आली. खिडक्या सताड उघड्या. एका मुलाची मूठ सोडली की बाई साबणाने हात धुवायच्या, मग दुसऱ्याची धरायच्या. बोटांची सालं निघाली. शिंप्याची मुलगी खडू डावीकडे ओढायची, बाई उजवीकडे वळवायच्या, दोघींची रस्सीखेच. तिची अक्षरं सुधारली, काहींची अर्धीच सुधारली. तेवढ्यात एका मुलाच्या घरी आजार निघाला आणि शाळा पुन्हा बंद. मग पुन्हा उघडली, पुन्हा बंद झाली. आपण केलं ते बरोबर की चूक, हे बाईंना आजही सांगता येत नाही.

परवाच त्यांनी सासूबाईंना फोन केला. "आई, शाळा बंद आहे. या ना घरी."

"बंद आहे म्हणजे उघडेल. मी काय सारखी पळापळ करू? एकदाचं नक्की ठरू दे, मग येते."

अजून ठरलेलं नाही. म्हणून मंडळी, एक मागणं आहे. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा लेकीच्या घरी वाट बघत बसलेल्या त्या सासूबाईंची आठवण असू द्या.