दोन्ही फुगे सारखेच

आपल्या थोरल्या भावाला, एकार्टला, रुग्णांवरच्या चाचणीत डॉक्टर फोल्करनेच घातलं होतं. हृदयाच्या धमनीतला, पुन्हा अरुंद झालेला स्टेंट औषध लावलेल्या फुग्याने उघडायचा. दोन प्रकारच्या फुग्यांपैकी कुठला, ते सोडतीवर. एकार्टचा स्टेंट परत बुजला आणि तो गेला.

लाइपझिगच्या परिषदेत फोल्करने चाचणीचा निष्कर्ष वाचला: दोन्ही फुगे सारखेच. टाळ्या पडल्या.

रविवारी तो वहिनीकडे गेला. गेर्लिंडेने कॉफी ओतली.

"एकार्टला कुठला मिळाला होता?"

"वहिनी, दोन्ही सारखेच निघाले."

"तुझ्याकडे शेकडो माणसं होती, म्हणून सारखे निघाले. माझ्याकडे एकच होता."

एकार्टला कुठला फुगा मिळाला होता, ते फोल्करला ठाऊक होतं. कॉफी तशीच ठेवून तो उठला.