टबाचं बूच

ओसाकाच्या त्या घरात टब रोज एकदाच भरायचा. बाहेर अंग धुऊन मग टबात उतरायचं, म्हणून एकच पाणी चौघांना पुरे. आधी नवरा शिगेहारू, मग सासूबाई, मग मुलगा आणि शेवटी कोमट पाण्यात त्सुयाको. उरलेलं पाणी सकाळी कपड्यांना. हा नेम तिने सव्वीस वर्षं पाळला होता.

आज भांडी आवरून ती टॉवेल घेऊन आली, तर टब रिकामा.

"अहो, बूच कुणी काढलं?"

"मी. सगळ्यांचं झालं होतं ना?" शिगेहारूने पेपरातून मानही वर केली नाही.

"सगळ्यांचं?"

"अगं, उद्या कपड्यांना नळाचं पाणी घे. एवढ्याशा पाण्यासाठी काय डोकं खातेस!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कडी लावून तिने बूच ठोकलं आणि गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला.

"अगं, गॅस किती जळतोय!" तो दार ठोठावू लागला.

त्सुयाको गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहिली. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिला पाण्याचा चटका बसत होता. मग उठून तिने स्वतःच्या हाताने बूच उपटलं.

"झालं हो सगळ्यांचं!" ती आतून ओरडली.