कृतिकाच्या चार्टवर आम्ही दोघी

मित्रांनो, २०१९ च्या हिवाळ्यात दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात माझी मैत्रीण पुसली जाता जाता वाचली!

मी एक जुनी सर्पिल दीर्घिका आहे. अब्जावधी ताऱ्यांचे गरगर फिरणारे शहर. माझ्या मधोमध पिवळसर, म्हातारे तारे आहेत आणि वळलेल्या हातांवर निळे, कोवळे. या टोकापासून त्या टोकाला जायला प्रकाशालाही लाख वर्षे लागतात. मी इतकी दूर आहे की माझा प्रकाश तुमच्याकडे निघाला, तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉरही नव्हते. त्याच काळी एक लहान दीर्घिका माझ्या ओढीने जवळ आली आणि आम्ही एकमेकींत मिसळू लागलो.

नववीतल्या कृतिकाने विज्ञान प्रदर्शनासाठी आमचा फोटो छापून चार्टवर चिकटवला. तिचे बाबा, अविनाश, सरकारी अधिकारी.

"हा खाली डाग कसला? आमच्या ऑफिसात असा कागद वर जात नाही. काळ्या स्केच पेनने झाकून टाक."

तो डाग म्हणजे माझी मैत्रीण! कृतिकाने पेनाचे टोपण काढले आणि माझे सगळे तारे धास्तावले.

"थांब गं!" गुरुग्रामहून आलेली सुहासिनी आत्या ओरडली. "डागाला कधी शेपटी असते?"

"पण आत्या, शेपटी आली कुठून?"

"फुगडी घाल माझ्याशी, म्हणजे कळेल."

"फुगडी म्हणजे?"

"अविनाश, लेकीला फुगडी माहीत नाही? शिकवलंस काय, फायली?"

दोघींनी हात गुंफले, पाय जुळवले आणि गिरकी घेतली. कृतिकाची वेणी सुटून सपकन बाबांच्या चष्म्यावर बसली.

"अरे यार, माझा चष्मा!"

"बाबा, सॉरी! पण बघा ना, या दोघी आहेत! एकमेकींना ओढतायत, म्हणून तारे असे बाहेर फेकले गेलेत!"

आम्हाला तुमच्यासारखे गुंफायचे हात नाहीत, मित्रांनो. आमची पकड गुरुत्वाकर्षणाची. पण पोरीने बरोबर ओळखले! बाबांनी चष्मा पुसला, चार्ट जवळ घेतला आणि स्वतःच पेनाला टोपण लावले.

प्रदर्शनात बक्षीस मिळाले नाही. कृतिका आता पुण्यात भौतिकशास्त्र शिकते. अविनाशरावांची बदली नागपूरला झाली. चार्ट त्यांनी गुंडाळून सोबत नेला. आत्याचा गुडघा दुखतो, तरी सोसायटीतल्या मुलींना ती फुगडी शिकवते.

आणि आम्ही दोघी? एव्हाना बहुधा एकच झालो असू. ती बातमी अजून वाटेत आहे, पोचायला कोट्यवधी वर्षे लागतील. तोवर मित्रांनो, तुमचे आकाश धुरापासून सांभाळा. ती पोचेल तेव्हा बघायला कुणीतरी हवे.