पिझ्झ्याला चालेल असा सोडा

भिवंडीत गोटी सोडा पुष्कळांनी विकला, पण माझ्या सोड्याची गोष्ट निराळी. नारपोलीत लूमच्या शेडबाहेर माझी हातगाडी उभी असायची. शिफ्ट सुटली की मी बाटलीची गोटी अंगठ्यानं आत ढकलायचो, आणि त्या आवाजानं पार पूर्णा गावच्या शेतातले बगळे उडायचे. एकदा लाइट गेलेली असताना एका कारागिरानं माझा मसाला सोडा पिऊन लूमजवळ ढेकर दिला, तर त्या धक्क्यानं अर्धा मीटर कापड विणून निघालं. वज्रेश्वरीला एका गिऱ्हाइकाच्या हातून बाटली कुंडात पडली होती. त्याआधी ते कुंड नुसतं कोमट होतं. मी एवढंच सांगतो, पुढचं ज्याचं त्यानं समजावं.

या सगळ्यात धडधडीत खोटं म्हणाल तर एकच. मसाला माझा होता, हे.

मसाला राहीबाईचा, माझ्या बायकोचा. ती घरी करून डब्यात भरून द्यायची. गिऱ्हाईक विचारायचं, "चाचा, क्या डाला है इसमें?" की मी छाती फुगवून सांगायचो, "खानदानी नुस्खा है." तिच्या कानावर हे यायचं. ती म्हणायची, "सांगा, सांगा. खानदान तुमचं, हात माझे दुखतात." चाळीस वर्षं असंच चाललं. दोन वर्षांमागं ती गेली, आणि तिच्या हातच्या मसाल्याची शेवटची बरणी यंदा गणपतीत संपली. थापा माझ्याकडं पोत्यानं उरल्या, चव मात्र जिभेवरून निघून चालली होती.

अशात माझ्या नातीनं, करिष्मानं, पिझ्झा करायचा घाट घातला. ओव्हन नव्हता, म्हणून भाकरीचा लोखंडी तवा निघाला. रविवारी जेवायला लहानूलाही बोलावलं होतं. लहानू म्हणजे राहनाळचा माझा जुना दोस्त. लूमची मशिनं दुरुस्त करायचा आणि रोज दोन सोडे प्यायचा. त्याची जीभ म्हणजे सरकारी वजनकाटा. आणि गाडीवरच्या जुन्या गिऱ्हाइकांतला, अजून दात शाबूत असलेला तेवढा एकच माणूस उरलाय.

"आबा, पिझ्झ्यासोबत काय प्यायचं?" करिष्मानं विचारलं.

"बाटलीतलं काळं पाणी आणू नको. चीज जड असतं, त्याच्यावर गोड ओतलं की पोटात दोघं भांडत बसतात."

तिनं पन्हं करून पाहिलं. गूळ चीजच्या अंगावर गेला. कोकम चांगलं लागलं, पण टोमॅटोही आंबट आणि तेही आंबट. सुनबाई विनिता म्हणाली, "ताक द्या सरळ." ताकाचा घोट घेऊन करिष्मानं तोंड वाकडं केलं. "आई, दुधावर दूध होतंय."

मग तिनं कमरेवर हात ठेवले. "आबा, तुमचा मसाला सोडाच पायजे. झणझणीत. करा ना तुम्हीच."

झालं! चाळीस वर्षं फुगवलेली छाती अशी भर रविवारी पंक्चर व्हायची होती. खरं म्हणजे आठवडाभर मी लपून तेच करत होतो. दुपारी घर पेंगलं की जिरं भाजायचं, सैंधव, मिरी, सुंठ, ओवा. प्रमाण मला पाठ होतं, कारण सामान मीच आणून द्यायचो. पाच वेळा केलं. पाचही वेळा त्याचा दुकानातला जलजिरा झाला. काहीतरी कमी होतं आणि काय कमी होतं ते विचारायला घरात माणूस नव्हतं.

"पोरी, ऐक," मी म्हणालो. "मसाला माझा न्हाय. तुझ्या आजीचा होता. मला येत न्हाय तो."

करिष्मा माझ्याकडं बघून खो खो हसली. "आबा! लाइट नसताना लूम चालवलेली पचली मला. ही न्हाय पचणार. आजी नुसती भाजून-कुटून द्यायची, नुस्खा तुमचा. आळस आलाय म्हणा की!"

"खरं सांगतोय."

"बरं, बरं. तुम्ही बसा. तोंडानं सांगा, मी हातानं करते."

खरं बोलायचं आयुष्यात एकदा ठरवलं तर त्याची ही किंमत. बसलो आपला प्रमाण सांगत.

तिनं पिझ्झे लावले. पीठ चिकटू नये म्हणून खाली भाकरीची तांदळाची पिठी भुरभुरली. आमच्या घरात दुसरं हाताशी असतंच काय! तिसरा पिझ्झा उतरला तेवढ्यात दारातून हाक आली, "तुळशीराम, हाय का जिवंत?" लहानू टेकतोय तोच करिष्मानं गडबडीत त्याच गरम तव्यावर जिरं टाकलं.

"अगं, तवा तरी घासून घे," विनिता ओरडली. "सगळी पिठी जळालीय खाली!"

"राहू दे गं आई, पिझ्झा गार होतोय."

जिरं तडतडलं. करपट तांबूस पिठीचा वास वर आला. मला सासू-सुनेची रोजची भांडणं आठवली. विनिता तवा काथ्यानं घासून लख्ख करायची आणि राहीबाई कातावायची, "चांदीचा करायचाय काय गं? भाकऱ्या झाल्यावर माझ्या जिऱ्याआधी हात लावू नको त्याला." आम्हाला वाटायचं, म्हातारीचा हट्ट. आणि मी पाचही वेळा भाजलं ते विनिताच्या चकचकीत तव्यावर!

करिष्मानं जिरं कुटलं, बाकीचं घातलं, ग्लासात लिंबू पिळलं. गोटीची बाटली मी फोडली, तेवढा हक्क माझा. सोडा फसफसून वर आला आणि ग्लास लहानूच्या हातात गेला.

लहानूनं पिझ्झ्याचा घास खाल्ला, घोट घेतला. पुन्हा घोट घेतला. ढेकर आला नाही. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं मान वळवली, जशी पूर्वी आमच्या घरी सोडा प्याला की वळवायचा, वहिनीला हाक मारायला.

"वहिनीचा हाय," तो हळूच म्हणाला.

करिष्मा गर्रकन वळली. "आजीचा?"

"मग काय या थापाड्याचा? अख्ख्या नारपोलीला ठावं होतं. एकदा वहिनी माहेरी गेलती, ह्यानं स्वतः मसाला केला. चार दिवस लूमवाले पाणी पिऊन घरी गेले. वहिनीच म्हणली, तुम्हाला ठावं हाय ते त्याला सांगू नका, बोलू द्या. गाडीवर उभा ऱ्हातोय त्यो दिवसभर."

म्हणजे चाळीस वर्षं मी जगाला फसवत होतो आणि जग मला. माझ्याहून मोठी थापाडी घरातच होती, तीसुद्धा तोंड न उघडता.

मी माझा ग्लास उचलला. एक घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते सोड्याच्या झिणझिण्यांनी, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

जेवणं झाली. विनिता उठली, पदर खोचून तवा घेऊन मोरीकडं निघाली. काथ्या हातात घेतला, थांबली, आणि तवा तसाच खुंटीला टांगून आली.