गाडीची तहान

ठमी दुपारी दीडला झोपायची आणि अडीचच्या आत उठायची. त्या तासाभरात तिच्या आईने पोटभर जेवावं, केस धुवावेत की नुसती पाठ टेकावी, यावर घरात सगळ्यांची मतं तयार होती. आई मात्र ओढणी कमरेला खोचून मागच्या शेडमध्ये जायची.

शेडमध्ये आईच्या बाबांची मोटारसायकल उभी होती. मातीच्या शर्यतीची, टू-स्ट्रोक, लेकीपेक्षा बारा वर्षांनी मोठी. बाबांनी तिच्यावर ऐन तारुण्यात उड्या मारल्या होत्या आणि लेकीला सतराव्या वर्षी तिच्यावरच शिकवलं होतं. मग गाडी आठ वर्षं गोणपाटाखाली गेली. हात थरथरू लागले तेव्हा बाबा लेकीकडे राहायला आले, ते एक ट्रंक आणि ही गाडी घेऊन.

आता जुन्या गाड्यांची शर्यत दर तीन महिन्यांनी भरायची, आणि गाडी दोनदा दारातूनच परत आली होती. नियम साधा होता. गाडी उभ्या जागी तीन मिनिटं चालू ठेवायची, आणि दहा पावलं मागे ठेवलेल्या पाटीवरचा आकडा धुरातून वाचता आला पाहिजे. गेल्या खेपेला तपासनीस म्हणाला होता, "काका, आकडा राहू द्या, मला पाटीच सापडत नाहीये." तिसऱ्यांदा परत गेली की नाव कायमचं कट. बाबांनी हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला शब्द देऊन टाकला होता: या शनिवारी जमलं नाही, तर गाडी त्याची. त्याला ती जेवणाच्या खोलीत भिंतीवर टांगायची होती.

"भिंतीवर," ती सोमवारी दुपारी म्हणाली. "पालीसारखी."

"धूळ तरी पुसतील तिथे," बाबा म्हणाले. "आणि टू-स्ट्रोक आहे बाई. धूर करणारच. चूल पेटली तर धूर नको म्हणून कसं चालेल?"

"चुलीचा धूर पाच मिनिटांनी कमी होतो. हिचा वाढतो."

पहिला संशय अर्थातच पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलावर. बाबा ते स्टीलच्या एका पोचे आलेल्या पेल्याने मोजत. पेल्याला हात लावणं म्हणजे बाबांच्या अब्रूला हात लावणं, म्हणून तिने पेल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. टाकी रिकामी केली, ठमीची तडा गेलेली दुधाची बाटली आणली, आणि तिच्यावरच्या रेघा बघत चार लिटरला सव्वाशे मिली तेल मोजलं. बाबा स्टुलावर बसून बघत होते.

"उरलेलं बाळाला पाज," ते म्हणाले.

गाडी सुरू केली. धूर तसाच, पांढरट, दाट. वाळत घातलेली दुपटी दोरीवरून दिसेनाशी झाली.

मंगळवारी तिने कार्बुरेटर उघडला, पेट्रोल सोडणारा जेट धुतला, मग एक नंबर बारीक भोकाचा लावला, फिल्टर साफ केला. धुरात फरक शून्य. नाकाला मात्र एक गोष्ट लागली. नेहमीच्या धुराला थोडा गोडसर वास असतो. याला जड, करपट वास होता. गिअरबॉक्समधलं तेल तव्यावर टाकलं तर येईल तसा.

रात्री ठमीला थोपटता थोपटता तिने मनातल्या मनात इंजिन खोललं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, एका बाजूला रबराचं सील असतं, बोटाएवढ्या रुंदीची कडी. पलीकडे गिअरबॉक्सचं तेल. सील फाटलं, तर इंजिन प्रत्येक श्वासाला ते तेल ओढून घेणार आणि जाळणार. असं असेल तर गिअरबॉक्समधलं तेल घटलेलं असायला हवं.

बुधवारी ठमी डोळे मिटते न मिटते तोच ती शेडमध्ये होती. गिअरबॉक्सच्या तपासणीचा स्क्रू सोडला. तेल काठोकाठ, थेंब ओघळून बोटावर आला. ती तशीच उकिडवी बसून राहिली. सील नाही, मिश्रण नाही, जेट नाही. मग काय, गाडीला दमा झालाय? घरातून ठमीचं रडणं ऐकू आलं. आज पंचवीस मिनिटांतच.

गुरुवारी सकाळी बाबा आणि सासूबाई चहा पीत बसले होते. सासूबाई निवृत्त नर्स. व्याह्यांची औषधं, रक्तदाब आणि चुका या तिन्हींवर त्यांची नजर असे.

"व्याही, सकाळची गोळी घेतलीत का?"

"घेतो. आधी तिला पाजून आलो, आता स्वतःचं बघतो."

तिने ठमीच्या तोंडाला लागलेला घास पुसता पुसता विचारलं, "कुणाला पाजलंत?"

"गाडीला. रोजचं आहे माझं. स्क्रू सोडायचा, खाली गेलं असेल तर वरून थोडं तेल. जुनी खोडं आहेत ही, यांना तहान जास्त."

"रोज?"

"पूर्वी रविवारी पुरायचं. आता रोज लागतं. का गं?"

ठमीचा वाडगा तिने सासूबाईंच्या हातात दिला आणि उठली. काल दुपारी तिने मोजलं ते गाडीचं तेल नव्हतंच. बाबांची सकाळची माया होती ती.

"आई, तुमचं बीपीचं मशीन देता का?"

"चक्कर येतेय?"

"मला नाही. गाडीला."

दुपारी सगळं घर शेडमध्ये होतं, झोपायला नकार दिलेल्या ठमीसकट. तिने सायलेन्सरकडचं तोंड सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने आणि पट्टीने घट्ट बंद केलं. कार्बुरेटरच्या जागी लाकडाची खुंटी ठोकली, तिच्या भोकातून बीपीच्या मशीनची नळी आत सोडली, आणि रबरी फुगा दाबायला लागली. काटा चढू लागला. शंभर. दोनशे. तीनशे.

"तीनशे?" सासूबाई म्हणाल्या. "या आकड्याला मी पेशंटच्या नातेवाइकांना बोलावून घ्यायचे."

"आलेत की सगळे," बाबा म्हणाले.

काटा उतरायला लागला. भरभर. गिअरबॉक्सच्या डोक्यावर श्वास घ्यायला एक बारीक नळी असते. तिचं टोक तिने ठमीच्या आंघोळीच्या मगमध्ये, पाण्यात बुडवलं आणि फुगा पुन्हा दाबला. आधी काहीच नाही. मग एक बुडबुडा. मग माळच. इंजिनात भरलेली हवा फाटक्या सीलमधून गिअरबॉक्समध्ये आणि तिथून मगमध्ये येत होती. ठमी खिदळली आणि तिने दोन्ही हात मगमध्ये घातले.

बाबा बुडबुड्यांकडे बघत राहिले.

"म्हणजे रोगाला मीच खाऊ घालत होतो," ते म्हणाले.

"तुम्ही पाजलं नसतंत ना बाबा, तर गिअर कोरडे पडून केव्हाच जळाले असते. गाडी तुमच्यामुळे वाचली. फक्त मला सांगायचं राहिलं."

"तू विचारलं कुठे?"

"खरंय. मी गाडीलाच विचारत बसले."

शुक्रवारी सीलपर्यंत पोचायला क्लच खोलला. बाबा स्टुलावरून सांगत गेले आणि तिचे हात करत गेले: हा नट उलटा फिरतो, वॉशर कसे निघाले तसेच ओळीने मांड, घाई करू नकोस. जुनं सील निघालं ते वाळक्या आंब्याच्या सालीसारखं. वाकवलं आणि तुटलं. ते खिशात घालून ती बेअरिंगच्या दुकानात गेली. दुकानदाराने माप घेतलं, फडताळ उपसलं आणि नवं सील काढून दिलं. बसवताना तिने कडेला तेलाचं बोट फिरवलं आणि ते चहूबाजूंनी सारखं दाबत आत ढकललं. सायलेन्सर रॉकेलने धुतला तेव्हा काळं पाणी निघालं, बादलीभर.

संध्याकाळी तिने किक मारली. गाडी सुरू झाली, आणि पुन्हा तोच धूर.

बाबा उठले. "बंद कर. जाऊ दे. मी हॉटेलवाल्याला सांगतो."

त्यांचा हात बटणाकडे गेला. तिने तो धरला, आणि सोडला नाही.

"आत साचलेलं जळतंय, बाबा. नवं तेल येत नाहीये. दहा मिनिटं द्या मला."

"आणि नाही थांबला तर?"

"तर अकरा."

दोघं तसेच उभे राहिले, हातात हात, धुरात. तिसऱ्या मिनिटाला सासूबाई ठमीला घेऊन आत गेल्या. सहाव्याला बाबा खोकले. आठव्याला तिला दोरी दिसली, मग दोरीवरची दुपटी, मग दुपट्यांवरची बदकं. बाबांनी बदकं मोजली. चार होती.

शनिवारी तपासनिसाने गाडी ओळखली आणि आधीच चार पावलं मागे सरकला. तीन मिनिटं झाली. सायलेन्सरमधून निळसर एक रेघ निघत होती, अगरबत्तीएवढी. त्याने पाटीकडे पाहिलं.

"वाचू का?" तो म्हणाला.

"मी वाचतो," बाबा म्हणाले, आणि चष्मा न लावता त्यांनी आकडा वाचला. "सत्तेचाळीस."

तपासनिसाने शिक्का मारला. तिने हेल्मेट घातलं. शर्यतीत ती बारा जणांत नववी आली. हॉटेलवाल्याला बाबांनी फोन करून सांगितलं की भिंतीसाठी एखादं चांगलंसं घड्याळ बघा.

रविवारी सकाळी ती ठमीला कडेवर घेऊन शेडपाशी आली, तर बाबा तेलाचा डबा घेऊन गाडीजवळ बसलेले. त्यांनी स्क्रू सोडला, वाकून पाहिलं. तेल होतं तिथेच होतं. ते थोडा वेळ डबा धरून बसले.

"आज हिला तहान नाही," ते म्हणाले.

"मग आम्हाला पाजा," ती म्हणाली. "चहा. आणि ठमीला दूध."

बाबांनी डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि नातीला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.