आईच्या नावाची मूठ

गुणाबाईने पाकीट न उघडताच तुळशीरामच्या हातात परत ठेवलं.

"पाचशे एक हायत, मावशी. भटजींना देतो तेवढंच. आता काय झालं?"

"गाऊ नको म्हंतोस, मंग पैसं कशाचं?"

तुळशीरामने कपाळाचा घाम पुसला. कोन गावातली शेतं सरकारने घेतली, त्या पैशांतून दुमजली बंगला उठला, आणि आज लेकीच्या लग्नाला व्हिडिओ, बँड, पनवेलचे भटजी, कशाची म्हणून कमी नव्हती. फक्त धवल्यांची जुनी गाणी नकोत, असं शहरातल्या व्याह्यांनी हळूच सुचवलं होतं.

गुणाबाई धवलारीण. गावची लग्नं चाळीस वर्षं तिच्या गाण्यांवरच लागली होती. धवल्यांत ती घरातल्या गेलेल्या माणसांना एकेका नावाने बोलवायची. प्रत्येक नावाला घरच्यांनी सुपात मूठभर तांदूळ टाकायचे. ते सूप हीच तिची बिदागी.

"मावशी, हट्ट नको करू. मुहूर्त जवळ आलाय."

"भीक घालायची तर उद्या दारात येईन. आज मी कामाला आलेय, तुळशा."

ती मांडवात भटजींच्या शेजारी बसली, सूप पुढ्यात ओढलं आणि माइकशिवायच सुरू झाली. आवाज चिरकत होता. त्याची तिला फिकीर नव्हती. व्याही एकमेकांकडे बघू लागले. तुळशीरामची बायको भामा मात्र तांदळाचं ताट घेऊन मुकाट्याने येऊन बसली. आजेसासरा जोमा, सासरा धर्मराज, एकेका नावाला तिची मूठ पडत गेली.

"ये गो सत्यवती, नातीचं लगीन हाय."

भामाचा हात थांबला. आईच्या नावाला लेकाचीच मूठ लागते.

गुणाबाईने तीच ओळ पुन्हा म्हटली. तुळशीरामने पुढे येऊन घाईघाईने ते पाकीट सुपात टाकलं. तिने ते उचलून बाजूला ठेवलं आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली. भटजींनी घड्याळ पाहिलं.

"घ्या तांदूळ, यजमान," ते म्हणाले. "तोवर मी थांबतो."

तुळशीराम खाली बसला. ज्या खाचरांच्या पैशांवर हा मांडव उभा राहिला, त्यांच्या चिखलात आईची हयात गेली होती, आणि आज तिला बोलवायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने ताटातून मूठ भरून घेतली. व्हिडिओवाल्याचा दिवा थेट तोंडावर होता.

"ये आई," तो म्हणाला.

तांदूळ सुपात पडले. गुणाबाईने पुढचं नाव घेतलं.